प्रभागांचा वाद आणि विसरलेला नियम

छत्रपती संभाजीनगर महापालिकेची २०१५ची निवडणूक एकसदस्यीय वॉर्डांतून झाली. मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६मध्ये, २९ प्रभागांतून ११५ जागांसाठी झाली. मधल्या काळात प्रभागात नगरसेवक एक असावा, तीन की चार, यावर राज्यभर वाद झाला. सत्ता बदलली की आकडाही बदलला. मतदाराने आपली मते कशी वापरावीत, हा प्रश्न मात्र या वादात मागेच राहिला.

प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे मत. म्हणजे एका प्रभागात एकाच दिवशी चार स्वतंत्र निवडणुका होतात. ज्या गटाचे संख्याबळ मोठे, तो चारही जागा नेऊ शकतो. ‘बहुसदस्यीय’ या नावाने विविधतेचा भास होतो, पण नियमात तिची हमी नाही.

मुंबई प्रांताच्या १९३७च्या निवडणुकीत नियम वेगळा होता. बहुसदस्यीय मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. दहा हजार मतदार आणि चार जागा धरा. एकवीसशे जणांनी आपली चारही मते एकालाच दिली, तर त्याला ८,४०० मते पडतात. उरलेले ७,९०० जण चौघांना समान मते देऊन प्रत्येकी ७,९००वरच थांबतात. अल्पसंख्य गटाची एक जागा पक्की होते. स्वतंत्र मजूर पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार त्या वर्षी निवडून आले. या नियमाचा त्यांना आधार होता.

१९५१च्या कायद्याने ही मुभा काढली. १९५२मध्ये उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात डॉ. आंबेडकर काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. कारणे अनेक होती. पण समर्थकांना दोन्ही मते त्यांनाच देता येत नव्हती, हेही खरे.

तरीही आंबेडकरांना या पद्धतीचा कैवारी ठरवणे चुकीचे होईल. १९४९मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा त्यांनी विरोध केला. साक्षरता कमी आहे आणि सभागृह विखुरले तर सरकार टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संसदेपुरते ते आजही वजनदार आहे. महापालिकेत मात्र कारभार आयुक्त चालवतात. सभागृह विखुरले म्हणून सरकार कोसळत नाही.

महिला व मागास आरक्षणाशी जुना नियम जुळवणे सोपे नाही. पण १९३७मध्येही राखीव जागा याच मतदारसंघांतून भरल्या होत्या. पुढच्या वेळी प्रभागरचनेचा आकडा जाहीर होईल तेव्हा नगरसेवक किती, एवढेच विचारून थांबू नये. मतदाराच्या हाती काय उरते, हेही विचारावे.