प्रोफेसराच्या हातातली कात्री

रशियन भाषा आणि वाङ्मय घेऊन पदवी करतो म्हटलं की घरचे एकच विचारतात, पोट भरंल का? प्रश्न खरा आहे. ज्यांच्या घरात दोन वेळचं आधीच शिजलेलं असतं त्यांनीच त्याला हसावं. उत्तरही आहे. गोव्याला येणारे पर्यटक, कुडनकुलमचा अणुप्रकल्प, लष्करी सामानाची कागदपत्रं, रशियात डॉक्टरकी शिकायला जाणारी पोरं. दुभाष्याला कुठं ना कुठं काम निघतं. मुंबई विद्यापीठात, दिल्लीच्या जेएनयूत, हैदराबादच्या इफ्लूत ही भाषा शिकवतात.

दुसरं उत्तर वाङ्मयवाल्यांचं. ते म्हणतात, रशियन आत्मा कळायला शिका. म्हणजे टॉलस्टॉय, दोस्तोयेव्हस्की, बर्फ, खोल दुःख आणि त्याहून खोल करुणा. माझं भांडण या उत्तराशी आहे. कारण ज्या शब्दाचं हे लोक 'आत्मा' करतात तो 'दुशा' शब्द रशियात दीडशे वर्षांहून जास्त काळ सरकारी हिशेबाचा शब्द होता. पहिल्या पीटरनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डोईपट्टी बसवली आणि पट्टीसाठी पुरुष मोजले. मोजलेला एक पुरुष म्हणजे एक 'दुशा'. बाईवर ही पट्टी नव्हती. जमीनदाराची ऐपत सांगताना त्याच्याकडं किती जमीन असं कुणी विचारत नव्हतं. किती दुशा, असं विचारायचे. हे माहीत नसताना 'रशियन आत्मा' म्हणणं म्हणजे सातबाऱ्याला अभंग समजून टाळ कुटणं.

आता गोगोलची 'मृत आत्मे' ही कादंबरी घ्या. १८४२ ची. मराठीत नुसतं नाव वाचलं तर भुताखेताचं पुस्तक वाटंल. भानगड साधी आहे. मोजणी दरवर्षी होत नसे. दोन मोजण्यांच्या मधे जो भूदास मरायचा तो कागदावर जिवंतच राहायचा आणि जमीनदार त्याची पट्टी भरत राहायचा. चिचिकोव्ह नावाचा एक गुळचट माणूस गावोगाव फिरून ही मेलेली नावं स्वस्तात विकत घेतो. कागदोपत्री तो शेकडो जिवांचा मालक होणार आणि ती नावं सरकारी मंडळाकडं गहाण टाकून दुशामागं दोनशे रुबल कर्ज उचलणार. मुडद्यांवर कर्ज! गोगोलचा विनोद म्हणून क्लासात हसतात. यात विनोद कमी आणि हिशेब जास्त आहे.

या पुस्तकातली दोन ठिकाणं मला सगळ्यात मोठी वाटतात. सोबाकेविच हा जमीनदार भाव वाढवायला आपल्या मेलेल्या माणसांची तारीफ करतो. गाडी बनवणारा मिखेयेव कसा होता, भट्टीच्या विटा रचणारा मिलुश्किन कसा होता. म्हणजे कामगाराच्या हातातलं कसब मालकाला आठवतं कधी? त्याला विकताना. आणि पुढं चिचिकोव्ह विकत घेतलेली यादी हातात धरून बसतो, तर सुतार स्तेपान प्रोब्का, चांभार तेल्यात्निकोव्ह एकेक करून उभे राहायला लागतात. हा कसा मेला असंल, तो दारूत गेला का, ह्यानं दुकान घातलं होतं का. अख्ख्या कादंबरीत साहेबलोक मेल्यासारखे बोलतात आणि यादीतले मेलेले तेवढे जिवंत. ज्यानं मस्टर बघितलंय त्याला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. आमच्या सूतगिरणीत उलटी तऱ्हा आहे. ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या पाळीला जिवंत उभा असतो आणि गिरणीच्या मस्टरवर त्याचं नाव नसतं. गोगोल असता तर त्याला दुसरा भाग सुचला असता.

म्हणून मी म्हणतो, भाषा शिका आणि इंग्रजीच्या खिडकीतून बघू नका. मराठी माणसाला रशियन जवळची पडते. तिलाही विभक्ती आहेत, तिलाही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. तिच्यातही 'तू' आणि 'तुम्ही' आहे. इंग्रजीत दोन्हीला 'यू'. तिथं जमीनदार भूदासाला 'तू' म्हणणार. मोठ्या माणसाला पूर्ण नाव लावून वर बापाचं नाव जोडणार आणि भूदासाला नुसतं वान्का, पेत्रुश्का. गण्या, धोंड्या, सख्या या हाका ज्यांच्या बापजाद्यांनी ऐकल्या त्यांना हे व्याकरण पुस्तकाआधीच पाठ असतं. अजून एक गंमत. रशियन व्याकरण नामाचे सजीव आणि निर्जीव असे भाग पाडतं. त्यात 'म्येर्त्वेत्स' म्हणजे मयत माणूस हा सजीव धरतात आणि 'त्रूप' म्हणजे प्रेत हे निर्जीव. दोघंही मेलेलेच. कुणाला जिवंत धरायचं हे भाषा ठरवते. भाषा शिकायची ती यासाठी.

आता कात्रीकडं येतो. हस्तलिखित आधी मॉस्कोच्या सेन्सॉर समितीपुढं गेलं. गोगोलनं एका पत्रात लिहून ठेवलंय की नाव ऐकताच तिथला अध्यक्ष गोलोख्वास्तोव्ह भडकला. आत्मा अमर असतो, मृत आत्मा असूच शकत नाही! त्याला समजावलं की हे आत्मे म्हणजे मोजणीतले भूदास. तर तो म्हणाला, मग तर मुळीच परवानगी नाही, हे भूदासपद्धतीविरुद्ध झालं. बघा, आत्म्यावर बोललं तरी पाप आणि हिशेबावर बोललं तरी पाप.

मग हस्तलिखित पीटर्सबर्गला गेलं. तिथल्या ज्या सेन्सॉरनं मार्च १८४२ मधे ते पास केलं त्याचं नाव अलेक्सांद्र निकितेन्को. हा निकितेन्को कोण? काउंट शेरेमेत्येव्हचा भूदास. जन्मानं एक 'दुशा'. व्होरोनेझच्या शाळेत हुशार ठरला, पण पुढच्या शाळेचं दार भूदासाला बंद होतं. सोबतची पोरं वर गेली, हा खाली राहिला. मोठमोठ्या लोकांनी मालकावर दाब आणला, त्यात रिलेयेव हा कवीही होता, तेव्हा १८२४ साली त्याला मोकळीक मिळाली. तो पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकला आणि १८३४ साली त्याच विद्यापीठात रशियन वाङ्मयाचा प्रोफेसर झाला. त्याला सोडवणाऱ्या रिलेयेवला १८२६ सालीच फाशी झाली होती. आई आणि भाऊ मात्र भूदासच राहिले. राजधानीत वाङ्मय शिकवणाऱ्या प्रोफेसराची आई दुसऱ्याच्या मालकीची! त्यांना सोडवायला १८४१ साल उजाडलं. त्याची आत्मकहाणी त्याच्या मरणानंतर छापली गेली. इंग्रजीत ती 'अप फ्रॉम सर्फडम' नावानं मिळते. आपल्याकडच्या आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे.

तर या माणसानं 'मृत आत्मे' सोडली, हे त्याचं मोठेपण. पण नावाच्या आधी 'चिचिकोव्हची साहसं किंवा' अशी शेपटी आली, म्हणजे गोष्ट गमतीची वाटावी. आणि एक प्रकरण त्यानं कापलं. कॅप्टन कोपेकिनचं. १८१२ च्या लढाईत हात आणि पाय गमावलेला शिपाई राजधानीत मदत मागायला जातो. साहेब त्याला आज या उद्या या करत उपाशी ठेवतो आणि शेवटी हाकलून देतो. गोगोलनं विनवण्या केल्या, मग प्रकरण फिरवून लिहिलं आणि दोष कोपेकिनच्याच डोक्यावर ठेवला. तेव्हा कुठं छापलं गेलं.

निकितेन्कोला गद्दार म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. १८३४ साली ह्युगोच्या एका कवितेचं भाषांतर पास केलं म्हणून तो स्वतः आठ दिवस कोठडीत बसला होता. त्याच्या मानेवरही सुरी होतीच. पण आपण नीट बघायला पाहिजे की ज्याला भूदासाचं दुःख आतून ठाऊक होतं त्यानं भूदासाचं पुस्तक जाऊ दिलं आणि लंगड्या शिपायाचं पान अडवलं. आपलं दुःख त्याला ओळखता आलं. शेजारच्याचं दुःख त्याला धोक्याचं वाटलं.

कुणी म्हणंल, हा पदवीचा दोष. गॉर्की बघा, १८८४ साली काझानला विद्यापीठात शिकायला गेला, प्रवेश कुठला मिळतोय, पावाच्या भट्टीत राबला आणि पुढं १९२३ साली त्या दिवसांच्या पुस्तकाला नाव दिलं 'माझी विद्यापीठं'. अण्णाभाऊंना आपण महाराष्ट्राचे गॉर्की म्हणतो, म्हणून गॉर्कीबद्दल वाकडं बोलताना जीभ जड होते. तरी बोललं पाहिजे. हाच गॉर्की १९२९ साली सोलोव्हकीच्या कैदी छावणीला भेट देऊन आला आणि त्यानं तिची तारीफ लिहिली. १९३४ साली कैद्यांच्या श्रमावर खणलेल्या श्वेतसमुद्र कालव्याचा गौरवग्रंथ निघाला, त्याच्या संपादकांत गॉर्की होता. किती कैदी मेले त्याची यादी त्या ग्रंथात नव्हती. तिथं मेलेल्या जिवांना चिचिकोव्हसुद्धा भेटला नाही. म्हणजे पदवी असो नसो, खुर्ची मिळाली की हातात कात्री येते.

मग पदवी करू नका असं म्हणायचंय का? अजिबात नाही. करा. आपल्या वस्तीतल्या पोरापोरींनी मुद्दाम करा. व्याकरण घोकून करा, मूळ वाचून करा. उद्या तुमच्यातलं कुणी लेक्चरर होईल, कुणी अभ्यासक्रमाच्या समितीवर बसंल, कुणी भाषांतर करंल, कुणी असंच एखादं अनियतकालिक काढंल. तेव्हा 'मृत आत्मे' शिकवताना आत्म्यावर बोलू नका. यादी वाचून दाखवा. सुताराचं नाव, चांभाराचं नाव मोठ्यानं घ्या. आणि हातात कात्री आली की स्वतःला एकच विचारा, मी जे पान कापतोय त्यावरच्या माणसाचे हातपाय कुठं तुटले होते? आपल्या अंकांनाही हा प्रश्न लागू आहे. ज्यांचं साहित्य आपण परत पाठवतो, त्यात एखादा कोपेकिन असंल.