परकं पोर आणि कोसळलेलं शहर

गेली काही वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते आहे. जग बुडालं आहे, आतून करपून गेलेला एक पुरुष उरला आहे, त्याच्या हातात बंदूक आहे आणि गळ्यात एक परकं, पोरकं पोर पडलं आहे. 'द लास्ट ऑफ अस' हा व्हिडिओ गेम २०१३चा. त्यावरची मालिका जानेवारी २०२३मध्ये आली, आणि तेव्हापासून दिल्लीत नाटक-सिनेमावाल्यांच्या कुठल्याही बैठकीत बसा, कुणीतरी विचारतंच की आपल्याकडे असं कधी होणार? मालिकेची बांधणी पक्की आहे, अभिनय उत्तम आहे. माझी तक्रार या प्रश्नाबद्दल आहे. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा, किंग्जवे कँप आणि त्रिलोकपुरी ज्या शहरात आहेत, तिथल्या लेखकाला समाज कोसळतो म्हणजे काय हे शिकायला इतक्या लांब जावंसं वाटतं, याचं मला दुःख होतं आणि रागही येतो.

१९४७च्या सप्टेंबरात दिल्लीचे मुसलमान घरंदारं टाकून त्या किल्ल्यात आणि मकबऱ्यात शिरले. पंजाबातून आलेले हिंदू आणि शीख किंग्जवेच्या तंबूंत उतरले. दोन्हीकडे अशी मुलं होती, जी कुणाची हे सांगायला घरचं कुणी उरलं नव्हतं. १९८४च्या नोव्हेंबरात, शिखांच्या कत्तलीत, त्रिलोकपुरीत पुन्हा तेच झालं. एकट्या दिल्लीत सरकारी हिशेबाने २,७३३ माणसं मारली गेली. आपल्याकडे हे 'होण्याची' वाट पाहायला नको, ते होऊन गेलं आहे. त्यावर लिहिलंही गेलं आहे, आणि फार चांगलं लिहिलं गेलं आहे.

आधी त्या पुरुषाचा विचार करू. 'लोगन' (२०१७) असो, 'द मँडलोरियन' (२०१९) असो की 'द लास्ट ऑफ अस', गोष्ट खरी त्याची असते. त्याचं काहीतरी हरवलेलं असतं, बहुतेक वेळा स्वतःचं मूल किंवा माणूसपण, आणि ते परत मिळावं म्हणून पोर त्याच्या हवाली केलेलं असतं. पोराला भूक लागते, भीती वाटते, पण त्याचा कुणाशी काही दावा नसतो. 'कल्की २८९८ एडी'मध्ये (२०२४) तर रक्षण करायचं मूल जन्मालाही आलेलं नाही, त्यामुळे अश्वत्थाम्याची सोयच झाली. 'बजरंगी भाईजान'मध्ये मुलीचे आईबाप जिवंत आहेत आणि कागदाचा खरा प्रश्न सीमेवर जमलेल्या गर्दीने सोडवला आहे. 'जोगी' (२०२२) दिल्लीच्या १९८४वर आहे, पण त्यातही ट्रक वेळेत बाहेर निघतो की नाही एवढीच धाकधूक. यांच्यावर याहून जास्त जागा खर्च करायची माझी इच्छा नाही.

कारण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट या सगळ्यांच्या शेवटानंतर सुरू होते. शहर पेटलेलं असताना परक्या पोराला घरात घेणं अवघड असतं, जिवावरचं असतं, पण त्यात संभ्रम नसतो. दार उघडायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं. खरी परीक्षा आग विझल्यावर येते. सरकार परत येतं, जात आणि धर्म परत येतो, नातेवाईक परत येतात, आणि जो तो विचारतो की हे पोर कुणाचं? सांभाळणाऱ्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपला त्या मुलावर कसलाच हक्क नाही. मुलाचा आपल्यावर आहे का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

भीष्म साहनींची 'पाली' ही कथा मी या विषयावरची सर्वोच्च कथा मानतो. साहनी रावळपिंडीचे, फाळणीनंतर दिल्लीचे झाले, इथेच शिकवलं, इथेच लिहिलं. निर्वासितांच्या गर्दीत बापाच्या हातून पालीचा हात सुटतो. तो मागे, पाकिस्तानातच, शकूर आणि झेनब या मूल नसलेल्या जोडप्याच्या घरी येतो. इथपर्यंत कुठल्याही मालिकेचा पहिला भाग झाला असता. साहनी मात्र लगेच वस्तीतल्या मौलवीला दारात आणतात. काफिराचं पोर घरात ठेवायचं तर त्याला मुसलमान करावं लागेल. झेनबला मूल हवं आहे, म्हणून ते होतं. पालीचा अल्ताफ होतो आणि सुखाने वाढतो. काही वर्षांनी त्याचे हिंदू आईबाप सरकारी खात्यामार्फत माग काढत येतात. झेनब आधी अडवते, चकवते, आणि शेवटी त्या आईचे हाल ऐकून मूल देते. तिची एकच अट असते: दर ईदला मुलाला आमच्याकडे पाठवायचं. परतीच्या वाटेवर सोबतची समाजसेविका मुलाच्या डोक्यावरची टोपी काढून फेकून देते. घरी पोचल्यावर पंडित येतो, मुंडन होतं, अल्ताफचा यशपाल होतो.

या कथेत खलनायक नाही, हे तिचं मोठेपण. मौलवी, समाजसेविका, पंडित, सगळे आपापल्या समजुतीने त्या मुलाला वाचवतच आहेत. दंगलीने पालीचं जेवढं हिरावून घेतलं नसेल तेवढं या वाचवणाऱ्यांनी हिरावलं. आणि साहनी हे कुठेही आवाज न चढवता सांगतात. टोपीच्या प्रसंगाला त्यांनी दिलेल्या मोजक्या ओळींत जे आहे, ते तासभराच्या पाठलागात येत नाही.

अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर'मध्येही (१९५०) असाच एक तुकडा आहे. २००३च्या चित्रपटामुळे आपल्याला पूरो आणि रशीद आठवतात, पण त्या वेडीचं बाळ विसरायला होतं. गावात भटकणारी वेडी बाळंत होऊन मरते. पूरो, जी आता हमीदा झाली आहे, ते बाळ उचलते, अंगाला लावते, वाढवते. मग गावातल्या हिंदूंना साक्षात्कार होतो की वेडी हिंदू होती. बाळ नेलं जातं. त्यांच्याकडे ते मरायला टेकतं, तेव्हा परत आणून दिलं जातं. लक्षात घ्या, हे फाळणीच्या आधी घडतं. समाज कोसळायच्या आधीच त्याने दाखवून दिलं आहे की त्याला पोराशी देणंघेणं नाही, पोराच्या शिक्क्याशी आहे.

कथा-कादंबरीपेक्षाही माझा ओढा ज्या लेखनाकडे आहे, ते छावण्यांत काम केलेल्या बायकांचं. अनीस किदवई यांच्या नवऱ्याचा, शफी अहमद किदवईंचा, १९४७मध्ये मसुरीत खून झाला. त्या दिल्लीत आल्या, गांधीजींना भेटल्या आणि पुराना किल्ला व हुमायूनच्या मकबऱ्यातल्या छावण्यांत कामाला लागल्या. 'आज़ादी की छाँव में' हे त्यांचं पुस्तक दशकं पडून राहून १९७४मध्ये छापलं गेलं. कमलाबेन पटेल मृदुला साराभाईंच्या हाताखाली लाहोरमध्ये होत्या. त्यांनी पळवलेल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्याबद्दल गुजरातीत लिहिलं. आईला सीमेपलीकडे पाठवायचं आणि मूल जिथे जन्मलं तिथेच ठेवायचं, असा निर्णय झाला तेव्हा त्या भांडल्या. शेवटी बायकांनी बाळासकट जालंधरला यावं आणि पंधरा दिवसांत मूल ठेवायचं की सोडायचं ते ठरवावं, असा मार्ग निघाला. पंधरा दिवस! या मुदतीवर कुणी नाटक लिहिलं नाही याचं मला नवल वाटतं. या दोघींच्या हातात बंदूक नव्हती. नोंदवही होती, शिधा होता, सरकारी गाडी होती, आणि आपण करतो आहोत ते बरोबर आहे का ही शंका होती. संरक्षकाचं याहून खरं चित्र मी कुठल्याही पडद्यावर पाहिलेलं नाही.

उर्वशी बुटालिया यांचं १९९८चं पुस्तक आणि त्याच वर्षीचं ऋतू मेनन व कमला भसीन यांचं पुस्तक याच वाटेने गेलं. या तिघीही दिल्लीच्याच. त्यांच्यामुळे एका कायद्याकडे लक्ष गेलं, आणि तो कायदा माझ्या मते आपल्या पटकथाकारांनी सगळ्यात आधी वाचायला हवा. डिसेंबर १९४९मध्ये गोपालस्वामी अय्यंगार यांनी अपहृत व्यक्तींच्या सुटकेचं विधेयक मांडलं. तो कायदा दिल्लीलाही लागू होता. त्यात अपहृत कोण? सोळा वर्षांखालचा मुसलमान मुलगा किंवा कुठल्याही वयाची मुसलमान स्त्री, जी १ मार्च १९४७ ते १९४८च्या अखेरीपर्यंतच्या काळात घरच्यांपासून तुटली आणि आता दुसऱ्या कुणाकडे राहते आहे. पळवून नेलेलं असण्याची अटच नाही. पुन्हा वाचा: दुसऱ्या कुणाकडे राहते आहे, एवढं पुरे. म्हणजे जळत्या मोहल्ल्यातून शेजारणीचं पोर उचलून आपल्या पोरांत निजवणारा माणूस आणि पोर पळवणारा माणूस, कायद्याने एकाच रांगेत. सत्तरच्या वर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, एकही स्वीकारली गेली नाही. पुढे फिरोजपूर जिल्ह्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चौकशीत मुलीला पळवल्याचा ठपका ज्याच्यावर आला, त्यानेच ती परत मिळावी म्हणून अर्ज केला होता. नोव्हेंबर १९५२मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. निकालपत्रात त्या अल्पवयीन मुलीची दोन नावं आहेत. एका मुलीची दोन नावं, आणि आपण कथानकं बाहेर शोधतो आहोत.

सिनेमात या सगळ्याच्या जवळ पोचली ती शोनाली बोस, 'अमू'मध्ये (२००५). अमेरिकेत वाढलेली काजू दिल्लीला येते. तिला सांगितलेलं असतं की आईबाप मलेरियाच्या साथीत गेले. खरं असं की ती १९८४मधली शीख मुलगी आहे आणि छावणीत मदतीला आलेल्या केयाने तिला आपलंसं केलं. वृंदा करात यांनी केलेली केया मला फार मोलाची वाटते, कारण तिने दिलेला आसरा एका खोट्यावर उभा आहे. 'द लास्ट ऑफ अस'मध्येही संरक्षक जोएल त्याने सांभाळलेल्या एलीशी खोटं बोलतो, पण तिथे ते खोटं पहिल्या मोसमाचा शेवट आहे, आणि २०२५च्या दुसऱ्या मोसमात त्याची भरपाई सूडाने होते. 'अमू' त्या खोट्यापासून सुरू होते आणि विचारते की मोठं झालेलं पोर संरक्षकाकडे हिशेब मागेल तेव्हा काय? बोसने काजूला जरा लवकर निवळू दिलं, ही माझी तक्रार कायम आहे. तरी तिने प्रश्न मुलीच्या तोंडून विचारला. सेन्सॉरने संवाद कापायला लावले. पडद्यावर विधवांचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. १९८४वर एवढं अचूक दृश्य दुसरं नाही, आणि ते घडवण्यात सरकारचाही हात आहे.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात बळकट मुद्दा २०२१ने पुढे केला, तो टाळता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यात, करोनाच्या लाटेत, दिल्लीत प्राणवायू मिळेना, स्मशानांत जागा मिळेना, आणि फोनवर निरोप फिरू लागले: आईबाप गेले, दोन लहान मुलं आहेत, कुणीतरी घेऊन जा. सर्वोच्च न्यायालयाला अशा बेकायदा दत्तकाविरुद्ध आदेश द्यावे लागले, आणि ते योग्यच होतं. परका माणूस देवमाणूस असतोच असं नाही. मुलांचा व्यापार करणाराही परकाच असतो. मग १९४९च्या कायद्याने संशय घेतला तर काय चुकलं? चुकलं हे की त्याने मुलाकडे न पाहता त्याच्या धर्माकडे पाहिलं. २०१५चा बालन्याय कायदा निदान कागदावर मुलाचं हित आणि मुलाचं म्हणणं पुढे ठेवतो. संशय घ्यावाच, पण तो मुलाच्या बाजूने घ्यावा. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने या विषयाला हात लावू नये. आणि त्या २०२१च्या निरोपांमागे जी भावना होती, मूल उचलून घरी न्यावं आणि कुणी काही विचारू नये, तीच या बंदूकवाल्या पुरुषांच्या गोष्टींमागे आहे. म्हणून मला त्या गोष्टी नुसत्या उथळ वाटत नाहीत, घातक वाटतात.

यात थरार कुठे, असं निर्माते विचारतील. झेनबच्या अटीत आहे. दर ईदला मुलाला पाठवायचं, असं दोन कुटुंबांत ठरलं. पण जुलै १९४८पासून पश्चिम पाकिस्तानातून येण्या-जाण्याला परवाना लागू लागला, १९५२मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. आता ही अट पाळायला दोन सरकारांची संमती हवी, मौलवीची आणि पंडिताची हवी, पालीच्या सख्ख्या आईची हवी, जिने मूल एकदा गमावलं आहे. आणि पालीची हवी, ज्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. पाली ईदला गेला का, हे साहनींनी लिहिलं नाही. ते ज्याला लिहावंसं वाटेल त्याने आधी त्या मुलाचं वय, त्याचा पत्ता आणि त्याच्या खिशातला कागद ठरवावा.