यंत्राला चेहरा, माणसाला आडोसा

‘द सोशल डायलेमा’ हा जेफ ऑर्लोव्स्की यांचा २०२० सालचा माहितीपट. समाजमाध्यमे ज्यांनी घडविली, तेच येथे साक्षीदार म्हणून समोर येतात, हे त्याचे मोठे बळ होय. गूगलमध्ये काम केलेले ट्रिस्टन हॅरिस, ‘लाइक’ बटणाच्या जनकांपैकी एक जस्टिन रोझेनस्टाइन आदींच्या बोलण्यातून एक गोष्ट स्वच्छ कळते: माणूस जितका वेळ खिळून राहील तितका जाहिरातींचा लाभ, आणि संताप माणसाला खिळवून ठेवतो.

वैगुण्य आहे ते कल्पित कथाभागात. कोणता मजकूर कोणापुढे आधी ठेवायचा हे ठरविणारी गणिती कार्यपद्धती, म्हणजेच अल्गोरिदम, येथे माणसाच्या रूपात अवतरते. एकच नट तीन भूमिकांत बेन नावाच्या मुलाला पडद्याआडून खेळवितो. कल्पना परिणामकारक आहे, पण दिशाभूल करणारी. यंत्राला चेहरा मिळाला, की यंत्राला नियम घालून देणाऱ्याचा चेहरा झाकला जातो.

असा एक नियम २०२१ साली फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून उजेडात आला. मजकुराचा क्रम लावताना २०१७ पासून प्रेम, हसू, राग अशा भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट मोल दिले गेले. रागाचे चिन्ह मिळविणाऱ्या मजकुरात खोटी व विखारी माहिती अधिक असते, हे कंपनीच्याच अभ्यासकांना २०१९ मध्ये दिसून आले. तरी रागाचे मोल शून्यावर आले ते सप्टेंबर २०२० मध्ये. तो आकडा यंत्राला स्फुरला नव्हता. तो माणसांनी ठरविला आणि माणसांनीच पुसला. ‘लाइक’मागचा हेतू चांगुलपणा पसरविण्याचा होता, असे रोझेनस्टाइन सांगतात. ते मान्य करू. परंतु परिणाम कळल्यानंतरचा विलंब हेतूच्या पदराआड लपत नाही. ते कर्तव्यच्युतीचे पाप आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘सोलिसितुदो रेइ सोसियालिस’ (१९८७) या परिपत्रकात ‘पापाच्या संरचनां’ची मीमांसा केली, त्यांचे मूळ व्यक्तींच्या पापातच असते, हेही बजावले. माहितीपट संरचना उत्तम दाखवितो, मूळ मात्र अंधारात ठेवतो.

मग आपण सुटलो काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. तेथे संदेश पुढे धाडणारे अल्गोरिदम नव्हते. माणसांची बोटे होती.

दोष सर्वांचा, पण सारखा नव्हे. आकडा बदलण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याचा भार अधिक. शेवटी माहितीपट आपल्याला सूचना बंद करण्याचा, ॲप काढून टाकण्याचा सल्ला देतो. हा उपवास हितकारकच आहे. मात्र प्रेक्षकाच्या उपवासाने सत्ताधाऱ्याचे प्रायश्चित्त होत नाही.