नवापूर ते भोपाळ : एका निदानाचे रसग्रहण

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या भराभर दगावू लागल्या. अशा वेळी पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे रानीखेत रोगाचा येतो, आणि तो वावगा नसतो. मानमोडी असो वा बर्ड फ्लू, कोंबडी मलूल होते, धापा टाकते आणि बघता बघता शेड रिकामी होते. नुसत्या डोळ्यांना दोन्हींतला फरक कळत नाही. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीवरून बर्ड फ्लूचा ‘एच5एन1’ विषाणू जाहीर झाला. कोंबड्यांतल्या या रोगाची भारतातली ती पहिली नोंद.

असा निष्कर्ष एका ओळीत मावतो. त्या ओळीपर्यंत नेणारी तपासणीची रीत मात्र सावकाश वाचावी अशी आहे. तिचे सौंदर्य संशय फेडण्याच्या क्रमात आहे.

आधी नमुना नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या, रोगमुक्त कळपातून आणलेल्या अंड्यांत टोचतात. विषाणू जिवंत असेल तर तिथे वाढतो. मग अंड्यातला द्रव कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत मिसळतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसतात आणि प्लेट तिरकी धरली की थेंबासारख्या ओघळतात. विषाणू असेल तर त्या एकमेकींत गुंतून जागच्या जागी राहतात. इतके स्पष्ट उत्तर डोळ्यांसमोर असताना थांबण्याचा मोह होईल. पण मानमोडीचा विषाणूही रक्तपेशींना असाच गुंतवतो! म्हणून पुढची पायरी: एच5 ला नेमके ओळखणारा रक्तद्रव घालायचा. पेशींचे गुंतणे त्याने थांबले, तरच एच5.

भोपाळसारख्या संदर्भ प्रयोगशाळेचे मोल इथे कळते. तो रक्तद्रव खात्रीचा नसेल तर सगळी रचना ढासळते. वेगवेगळ्या उपप्रकारांचे असे प्रमाणित रक्तद्रव सांभाळणे, ते इतर प्रयोगशाळांना पुरवणे, त्यांची उत्तरे ताडून पाहणे, तिथल्या लोकांना शिकवणे हे काम कधी बातमीत येत नाही, आणि त्याच्यावाचून कुठल्याही निदानावर विश्वास ठेवता येत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत सुंदर आहे. एच5 सापडला, पण तो घातक आहे का? सगळेच एच5 तसे नसतात. उत्तर विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनात असते. पेशीत शिरण्यासाठी ते प्रथिन एका ठरावीक जागी कापले जावे लागते. सौम्य विषाणूचे प्रथिन कापणारी विकरे मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून रोग तिथेच रेंगाळतो. त्या जागी आर्जिनिन आणि लायसिन यांची सलग रांग आली, की शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असणारे फ्युरिन ते प्रथिन कापू शकते. मग मेंदू, हृदय, यकृत, काहीच सुटत नाही. मोजक्या अमिनो आम्लांचा हा मजकूर वाचून अख्ख्या कळपाचे भवितव्य सांगता येते. हे वाचन करणारी माणसे हवेचा दाब कमी ठेवलेल्या बंद दालनांत काम करतात आणि बाहेर पडताना अंघोळ करून निघतात, कारण जे ओळखायचे तेच बाहेर सुटता कामा नये.

या काटेकोरपणामागे करुणा आहे असे मी मानतो. ‘होय’ म्हटले की परिसरातल्या धडधाकट कोंबड्याही मारल्या जातात. नवापुरात असे लाखो पक्षी गेले. चुकून ‘नाही’ म्हटले तर रोग पुढच्या गावात जातो आणि माणसांनाही धोका होतो. एवढे ओझे ज्या शब्दावर आहे, तो पारखूनच उच्चारायला हवा.

मात्र भोपाळची प्रयोगशाळा तिच्यापर्यंत पोचलेला नमुनाच वाचू शकते. म्हणून कोंबड्या अचानक मरू लागल्या तर त्या ओढ्यात फेकू नका, विकू नका, स्वतः चिरून पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि नमुना बर्फावर, वेळेत निघेल याची काळजी घ्या.