मार्गनिर्देशन आणि पत्तापालट : एका संज्ञासंभ्रमाची चिकित्सा

घरोघरी भिंतीवर टांगलेल्या इंटरनेटच्या पेटीस सर्वत्र ‘राउटर’ म्हणतात. वस्तुतः त्या पेटीत दोन भिन्न कार्ये एकत्र नांदत असतात : एक मार्गनिर्देशन, म्हणजे राउटिंग, दुसरे पत्तापालट, म्हणजे ‘नॅट’. पहिल्याचे नाव दुसऱ्यालाही मिळाल्यामुळे दुसऱ्याचे दोष झाकले जातात, आणि विद्यार्थी दोहोंना एकाच क्रियेची दोन अंगे समजून चालतात. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मार्गनिर्देशनाचे तत्त्व महाराष्ट्रीय वाचकास परके नाही. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अमलात आला. पंचवटीचा ४२२००३ हा अंक घ्यावा. ४ म्हणजे पश्चिम विभाग, ४२ हा त्यातील उपविभाग, ४२२ हा नाशिकचा छाननी-जिल्हा. शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय सांगतात. कलकत्त्याच्या छाननीदारास पंचवटी ठाऊक असण्याचे कारण नाही. आरंभीचे अंक पाहून तो थैली योग्य दिशेस रवाना करतो, आणि पाकिटावरील अक्षरास हात लावीत नाही. राउटरही तेच करतो. आपल्या कोष्टकातील सर्वांत लांब जुळणारा पूर्वभाग शोधून तो पॅकेट पुढे ढकलतो आणि विसरतो. कोण कोणाशी बोलत आहे याची स्मृती त्यास नसते, आणि ती नसणे हेच त्याचे बळ होय. एक मार्ग बंद पडला तरी दुसऱ्या मार्गाने संभाषण चालू राहते.

पत्तापालटास उपमा द्यावयाची तर जुन्या नाशकातील बहुबिऱ्हाडी वाड्याची देतात. वाड्याचा पत्ता एक, भाडेकरू अनेक, आणि पत्रावर ‘मार्फत’ असा उल्लेख. उपमा सुबक आहे, पण फसवी आहे. ‘मार्फत’ लिहिलेल्या पाकिटावर भाडेकरूचे नाव शाबूत असते. येथे मात्र देवडीवरचा कारकून जाणाऱ्या पत्रावरील प्रेषकाचे नाव खोडून वाड्याचा पत्ता व एक तात्पुरता अंक घालतो, वहीत नोंद करतो, आणि काही काळ उत्तर न आल्यास ती नोंद पुसून टाकतो. त्यानंतर उत्तर आले तर ते भाडेकरूपर्यंत पोचत नाही. वहीत नोंदच नसलेल्या भाडेकरूस बाहेरचा कोणी आपण होऊन पत्र लिहूच शकत नाही. म्हणजे जेथे राउटर विसरतो तेथे नॅटला आठवावे लागते, आणि वही हरवली की चालू संभाषणेही संपतात.

या पद्धतीचा मूळ लेख, के. एगेवांग व पी. फ्रान्सिस यांचा मे १९९४ मधील आरएफसी १६३१, आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. लेखक प्रांजळ आहेत. उपाय अल्पकालीन असल्याचे ते सांगतात. जे कार्यक्रम मजकुराच्या पोटात पत्ता वाहून नेतात ते यामुळे मोडतील, हेही ते लपवीत नाहीत. दुबळा दुवा आहे तो गृहीतकात : कोणत्याही क्षणी संस्थेतील थोडीच यंत्रे बाहेर बोलत असतात, असे निरीक्षण त्यांनी पायाशी धरले. १९९४ च्या मानाने ते योग्यच होते. पण खिशातला दूरध्वनी ज्या काळी अहोरात्र बाहेरच बोलत असतो त्या काळी हा पाया उरत नाही. तरीही इमारत वाढत गेली. आरएफसी ३०२२ ने जानेवारी २००१ मध्ये पोर्टक्रमांकांच्या आधारे एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसविण्याची रीत रूढ म्हणून नोंदविली. फेब्रुवारी २०११ मध्ये ३२ बिटी पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला, आणि एप्रिल २०१२ मध्ये सेवादात्यांच्या सामाईक पत्तापालटासाठी सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा राखून ठेवावा लागला. वाड्यांचाही वाडा झाला.

नॅटमुळे सुरक्षितता लाभते, हा युक्तिवाद वरवरचा आहे. अनाहूत पॅकेट अडते ते वहीतील नोंदीमुळे, पत्ता बदलल्यामुळे नव्हे. नोंद ठेवणारी संरक्षकभिंत पत्ता न पालटताही ते काम करते.

याउलट हानी खरी आहे. सुरगाण्यातील विद्यार्थी मुक्त विद्यापीठाचे व्याख्यान ऐकू शकतो. परंतु सामाईक पत्त्यामागे असल्यास स्वतःच्या यंत्रावरील संशोधनसाहित्य इतरांस थेट खुले करू शकत नाही. त्यास दुसऱ्याच्या यंत्रावर जागा मागावी लागते. तो ग्राहक राहतो, प्रकाशक होत नाही. दायित्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक केले. पण केवळ पत्त्याच्या नोंदीवरून शेकडो ग्राहकांतील एक निवडता येत नाही. पोर्ट आणि अचूक वेळ यांची जोड नसेल तर संशय निरपराध्यावर येऊ शकतो.

१२८ बिटी पत्त्यांची नवी व्यवस्था, आयपीव्ही६, ही टंचाई मुळातच दूर करते. दूरसंचार विभागाने तिचा राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० मध्ये काढला, आणि चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी जाळ्यांमुळे भारत तिच्या वापरात अग्रेसर देशांत गणला जाऊ लागला. तथापि जुन्याच पत्त्यावर वसलेली संकेतस्थळे असेपर्यंत त्यांच्यापर्यंत पोचण्यास नव्या पत्त्यांचे जुन्यांत रूपांतर करणारा कारकून सेवादात्याच्या देवडीवर बसलेलाच राहतो.