मों-सें-मिशेलची यात्रा : एक परीक्षण

फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताचीं ऐतिहासिक स्थळें वाटाड्यासह दाखविणारे जे सांस्कृतिक प्रवास हल्लीं योजिले जातात, त्यांपैकीं एकांत आम्ही नुकतेच सामील झालों होतों. व्यवस्था चोख होती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आमचा आक्षेप इतिहास सांगण्याच्या पद्धतीवर आहे.

समुद्रांतील खडकावरचा मों-सें-मिशेलचा मठ हा या प्रवासाचा कळस. आव्रांशचा बिशप ओबेअर यानें इ. स. ७०८ मध्यें येथें देवस्थान स्थापिलें अशी परंपरा आहे. ९६६ मध्यें बेनेडिक्टीन साधु आले. वाटाड्यानें ओबेअरचीं स्वप्नें रसाळपणें वर्णिलीं; परंतु आख्यायिका कोठें संपते व लेखी आधार कोठें सुरू होतो, हें सांगितलें नाहीं. मठावरील उंच शिखर व देवदूताची मूर्ति हीं १८९७ सालचीं असतां श्रोते तीं मध्ययुगीन समजूनच परतले.

याहून मोठा दोष असा कीं, मठाचें खरें धन दाखविलेंच नाहीं. तेथील हस्तलिखितें राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९१ सालीं आव्रांश गांवीं हलविण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें दोनशें आजही तेथें असून, २००६ पासून त्यांच्यासाठीं स्वतंत्र संग्रहालय आहे. बाराव्या शतकांतील मठाधिपति रॉबेअर द तोरिन्यी याची बखर, अबेलारच्या ‘सिक एत नॉन’ची प्रत आणि मठाच्या दानपत्रांची नकलवही हीं त्यांतील रत्नें होत. आमची गाडी त्या गांवीं थांबली नाहीं.

मठाचे मूळ दस्तऐवज मात्र सें-लो येथील सरकारी दप्तरखान्यांत होते. ६ जून १९४४ रोजीं दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं केलेल्या बाँबवर्षावांत ते भस्मसात् झाले. त्यांतील जो मजकूर आज उपलब्ध आहे, तो आव्रांशच्या नकलवहीमुळें व पूर्वीच्या अभ्यासकांनीं उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. दगडी भिंती अभंग राहिल्या. त्यांना बोलकें करणारे कागद गेले.

प्रवाशांस देखावा हवा असतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ‘ऐतिहासिक’ हें विशेषण लावावयाचें तर आव्रांशसाठीं अर्धा दिवस राखून ठेवणें अगत्याचें आहे. आणि ज्या वाचकांच्या संग्रहीं एखाद्या पोथीची वा दप्तराची एकुलती एक प्रत असेल, त्यांनीं सें-लोचें उदाहरण ध्यानीं धरून तिची नक्कल आजच करवून ती दुसऱ्या गांवीं ठेवावी, अशी आमची विनंती आहे.