हसरी पुस्तके, आठ्या घालणारे पालक

मुलांसाठी गमतीचे चित्रपुस्तक घ्यायला पालक नाखूश असतात, ही तक्रार प्रकाशकांकडून आणि ग्रंथपालांकडून नेहमी ऐकू येते. त्यावरून मराठी पालकाला विनोदाचे वावडे आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ज्या घरात चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि पु. ल. देशपांडे यांची पारायणे होतात, त्याच घरात मुलाच्या हातातले हसरे पुस्तक पाहून कपाळाला आठी पडते. तेव्हा अडचण विनोदाची नाही. पालक पुस्तकाची परीक्षा शब्दांवरून करतो आणि चित्रपुस्तकातला विनोद बहुतेक वेळा शब्दांत नसतोच. मूल जे वाचते ते पालकाला दिसत नाही, म्हणून त्याला वाटते की पुस्तकात काहीच नाही. या गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत बऱ्हाणपूरसारख्या, घरात मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या गावातली मुले मोजतात.

याला इतिहास आहे. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके आली ती उपदेशाचे बोट धरून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि इसपनीतीची भाषांतरे १८२८च्या सुमाराची. गोष्ट संपली की तात्पर्य, ही घडी तेव्हापासून बसली. तिला विसाव्या शतकात सर्वांत समर्थ रूप मिळाले ते ‘श्यामची आई’मध्ये, आणि तिचे लेखक साने गुरुजी अमळनेरला शिकवत होते, म्हणजे बऱ्हाणपूरला लागून असलेल्या खानदेशातच. त्या पुस्तकाचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्याच्या यशाने एक मापही घालून दिले: मुलाचे पुस्तक चांगले, तर वाचणाऱ्याचे डोळे पाणावले पाहिजेत. हसवणारी पुस्तके पुढे आली नाहीत असे नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला, विंदा करंदीकरांनी १९६१च्या ‘राणीची बाग’पासून मुलांच्या कवितेत मनसोक्त वेडेपणा आणला. मात्र ही सगळी शब्दांची करामत होती. बंगालीत सुकुमार राय यांनी १९२३च्या ‘आबोल ताबोल’मध्ये कविता आणि चित्रे दोन्ही स्वतःच केली, आणि तिथे चित्र काढून टाकले तर अर्धा विनोद उडून जातो. अशी जोडकामाची परंपरा मराठी बालसाहित्यात फार काळ रुजली नाही.

आश्चर्य असे की हसऱ्या चित्रांची मराठीत कधीच वाण नव्हती. वसंत सरवटे यांच्या रेषेशिवाय पु. लं.ची अनेक पुस्तके डोळ्यांसमोर येत नाहीत. शि. द. फडणीस यांचे ‘मोहिनी’चे गाजलेले मुखपृष्ठ आठवा: तरुणीच्या साडीवर उंदीर, शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे. खाली एक अक्षर नाही, आणि तरी पुढची सगळी गोष्ट कळते. हे कसब दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर, म्हणजे मोठ्यांसाठी, खर्ची पडले. मुलांच्या वाट्याला ते पाठ्यपुस्तकातून आले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी काढलेली चित्रे घरोघरी पोचली, आणि गणितात हसू कशाला, असे म्हणत कुणी ती पुस्तके परत केली नाहीत. कारण उघड आहे. तिथे हसण्याच्या शेजारी गुण होते. पालकाला हसरे चित्र चालते, फक्त ते कुठल्या तरी कामाला जुंपलेले हवे असते.

आजची स्थिती पूर्वीपेक्षा निश्चित चांगली आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तक ही स्वतंत्र कला मानून काम केले. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून मराठी मुलाला त्याचे स्वतःचे घर दाखवले. प्रथम बुक्सने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘बाबांच्या मिश्या’ या पुस्तकात अनु नावाच्या मुलीला बाबांच्या मिश्यांचे कौतुक आहे. बाप हा धाकाचा किंवा आदराचा विषय न राहता निरखून पाहण्याची गंमत होतो आणि गोष्टीला उपदेशाची शेपटीही जोडलेली नाही. असे धाडस मात्र अजून तुरळक आहे. बहुतेक मराठी चित्रपुस्तकांत खोडी मूल करते, फजिती त्याचीच होते आणि शेवटच्या पानावर मोठी माणसे त्याला पोटाशी धरतात. मोठ्यांची फजिती करणारे, आणि ती तशीच सोडून देणारे पुस्तक शोधावे लागते. मोठ्यांच्या फजितीचे हे वावडे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. शाळेच्या मुख्याध्यापकाला चड्डीवर धावायला लावणारी डेव्ह पिल्कीची ‘कॅप्टन अंडरपँट्स’ मालिका २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिली होती. फरक इतकाच, की तिथे पालक भांडले तरी पुस्तक छापले गेले होते.

पालकांचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला पैशाचा. पानावर दोनच ओळी, आणि किंमत जाड पुस्तकाची. पाच मिनिटांत संपते, मग घ्यायचे कशाला? इथे शब्दांच्या मापाने मोजण्याची चूक स्पष्ट दिसते. समजा पानावर एवढेच वाक्य आहे, की बंडू अगदी शहाण्यासारखा बसला होता. चित्रात बंडू बसलाय खरा, पण कपाटावर. हातात पिठाचा डबा, आणि खाली आजोबांच्या टकलावर पांढरा थर. मोठ्याने वाचून दाखवणारा पालक वाक्य संपले की पान उलटतो. मूल पान धरून ठेवते, कारण त्याचे वाचन आत्ता कुठे सुरू झालेले असते. लिहिलेले आणि दिसणारे यांत मेळ नाही, हे त्याने ओळखले आहे. सांगणारा खोटे बोलतोय हे ताडणे ही वाचनातली वरची इयत्ता आहे, आणि पाच वर्षांचे मूल ती हसत हसत चढते. पाच मिनिटांत संपते ते पालकाचे वाचन.

दुसरा आक्षेप संस्काराचा: अशा पुस्तकांनी मुले आगाऊ होतात, उलट बोलायला शिकतात. मुले पुस्तक वाचून उलट बोलत असती, तर पुस्तक नसलेल्या घरांत सगळी मुले गरीब गाईसारखी असायला हवी होती. पण या आक्षेपाच्या पोटात एक खरी काळजी आहे आणि समीक्षकाने ती उचलून धरली पाहिजे. पुष्कळशा चित्रविनोदाचे भांडवल जाडा, काळा, तोतरा किंवा नोकर माणूस हेच असते. ‘टिंकल’मधला सुपंडी लोकप्रिय आहे, तरी घरगड्याच्या बावळटपणावर हसणे म्हणजे कुणावर हसणे, हा प्रश्न पालकाने विचारला तर तो रास्तच आहे. दुबळ्यावर हसायला शिकवणारे पुस्तक नाकारावे आणि बलवानावर हसायला शिकवणारे घ्यावे, ही कसोटी साधी आहे. गंमत म्हणजे आपण नेमके उलटे करतो. नोकराची फजिती बिनदिक्कत चालते, वडिलांची झाली की संस्कार आठवतात.

आता बऱ्हाणपूर. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हे तापीकाठचे गाव मध्य प्रदेशात राहिले, पण घरातली बोली सीमेपलीकडच्या रावेर-भुसावळशी नाते सांगत राहिली. इथले मराठी मूल देवनागरी शिकते ते हिंदीतून. प्रमाण मराठीतला जाड परिच्छेद त्याला परका वाटतो आणि पुण्याच्या वाड्यातला शाब्दिक कोट्यांचा विनोद तर अधिकच. दोन ओळी आणि बोलके चित्र असलेले पुस्तक मात्र ते पहिल्याच दिवशी वाचू शकते, कारण लिपी ओळखीची असते आणि उरलेले काम चित्र करते. त्याच्या राज्यात भोपाळहून एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक १९८५पासून निघते. हिंदीने त्याच्यासाठी चित्रांची हसरी वाट केव्हाच मोकळी केली आहे. मराठीकडून घरात येते ते सहसा स्तोत्रांचे नाहीतर शुद्धलेखनाचे पुस्तक. मग हिंदी ही मजेची भाषा आणि मराठी ही वळण लावणारी, अशी वाटणी मुलाच्या मनात आपोआप होते. भाषा टिकावी म्हणून आग्रह धरणारा पालकच या वाटणीला हातभार लावतो.

पुस्तके मिळत नाहीत ही सबब आता अर्धीच खरी आहे. ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. उरलेली अर्धी सबब लेखक-प्रकाशकांची आहे. खानदेशी बोलीतल्या तिरकस विनोदाला चित्रपुस्तकात अजून जागा मिळालेली नाही आणि केळीच्या बागा, यंत्रमाग, तापीचा पूर हे हसऱ्या रेषेचे विषय होऊ शकतात हे कुणी आजमावलेले दिसत नाही. पालकांनी शब्द मोजणे सोडावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण ती करण्याआधी मराठी चित्रपुस्तकाने मोठ्यांना सोवळ्यात ठेवणे सोडले पाहिजे. वडीलधाऱ्यांच्या टकलावर पीठ सांडायची ज्या साहित्याला भीती वाटते, त्याने पालक भित्रे आहेत म्हणून कुरकुर करू नये.